मुक्कामी गाडीतला थर्मास

"आज थर्मास हलका लागेल साहेब," करमसिंग म्हणाला आणि खिडकीतून त्यानं तो माझ्या टेबलावर ठेवला. कळसाडीची मुक्कामी गाडी नुकतीच फलाटाला लागली होती. करमसिंग तिचा कंडक्टर. रात्री गाडी आमच्या गावात थांबते, सकाळी तो आणि ड्रायव्हर ती शहाद्याला परत आणतात, आणि येताना माझ्या आईनं भरून दिलेला थर्मास आणतात. चार महिन्यांत यात एक दिवसाचाही खंड नाही. "आजीनं अर्धा काढून घेतला," तो सांगत होता, "कुंदनभाऊंना द्यायला. त्यांनी गोळ्या सोडल्या ना, आठ दिवस झाले. आजी म्हणते, माझ्या पोराला लागू पडला, त्यालाही पडेल." एवढं सांगून तो पैशांची बॅग काखेत मारून चहाला निघून गेला. मी माइकचं बटण दाबलं, नंदुरबार गाडी चार नंबरच्या फलाटावर लागल्याचं दोनदा सांगितलं आणि बटण सोडलं. आवाज नेहमीसारखाच आला. त्याची मला लाज वाटली. इतकं ऐकल्यावर निदान आवाज तरी कापायला हवा होता.

कारण माझ्या आईच्या त्या उकाळ्याचा एक घोटही मी आजपर्यंत घेतलेला नाही. रोज सकाळी साडेसातच्या सुमाराला, गाड्यांची पहिली गर्दी ओसरली की, मी थर्मास घेऊन कंट्रोलरच्या, म्हणजे माझ्याच, खोलीमागे जातो. तिथे एक निंब आहे. त्याच्या बुडाशी ओततो, नळावर थर्मास विसळतो आणि संध्याकाळच्या गाडीनं रिकामा परत पाठवतो. निंबाच्या बुडाशी ओल कायम असते, आणि मुंग्यांची एक रांग. एसटी स्टँडवर मुंग्या असायच्याच, एवढाच विचार मी त्यांच्याबद्दल केला. संध्याकाळी आठला आईचा फोन येतो. ती तब्येत विचारत नाही, नातवंडांचं नंतर विचारते, आधी एकच प्रश्न. "झोप लागनी का रे रातले?" मी सांगतो, लागनी. आणि हे खरं असतं. झोप लागलेली असते. आमच्या घरात खोटं बोलण्याची रीत नाही असं आई अभिमानानं सांगते, तेव्हा मी मनात म्हणतो, बघ, मीही खरंच बोलतोय. माणूस स्वतःशी किती हिशेबी वागतो, ते एकदा मागे वळून बघावं म्हणजे कळतं.

झोप गेली तिला काही कारण असतं तर सांगायला तोंड तरी राहिलं असतं. घरी कोणी आजारी नव्हतं, शेत भाऊ बघतो, नोकरी कायम. मागच्या श्रावणात एके दिवशी मी माइकवर गाडी पुकारत होतो. शहाद्याहून निघून कुठून कुठे जाणार ती गावं ओळीनं म्हणत होतो, वीस वर्षं म्हणतोय, आणि मधलंच एक गाव आठवेना. बटण दाबलेलंच. सगळ्या स्टँडवर भोंग्यांमधून नुसती खरखर. चार सेकंद असतील, पाच असतील. केळीचे घड घेऊन बसलेल्या बायकांनी वर भोंग्याकडे पाहिलं. मग मी बटण सोडलं. जे गाव आठवलं नव्हतं ते कळसाडी होतं. त्या रात्री पाठ टेकली आणि ती खरखर कानात सुरू झाली. दुसऱ्या रात्रीही झाली. मग रोज. छातीत कोणीतरी चालतंय असं वाटायचं. पुकारण्याआधी घाम फुटायचा, म्हणून मी सगळ्या गाड्यांची गावं वहीत लिहून समोर ठेवली. आपल्याच गावाचं नाव वहीत बघून वाचायचं, याच्याइतकी लाज मला तोवर ठाऊक नव्हती. पुढे ठाऊक झाली.

बायकोनंच धक्का दिला. दीपमाला म्हणाली, "दाखाडी या ना एखादा डॉक्टरले. त्यामा काय शे?" मी शहाद्यात गेलो नाही, इथे प्रत्येक दवाखान्याच्या बाकावर आमच्याकडचं कोणीतरी बसलेलं असतं. रजा टाकून नंदुरबारला गेलो. तिथले डॉक्टर तरुण, कमी बोलणारे. त्यांनी ऐकून घेतलं, हा आजार आहे, लाज वाटून घेऊ नका, असं म्हणाले, आणि रात्री घ्यायची गोळी लिहून दिली. पांढरी पट्टी, तिच्यावर निळी रेघ. औषधाच्या दुकानात ती हातात घेतल्यावर माझे कान तापले, कारण ती पट्टी मी आधी पाहिली होती. कुंदनच्या खिशात.

कुंदन माझ्या वर्गातला, एका गल्लीतला. दोन वर्षांपूर्वी तो एका पहाटे सारंगखेड्याच्या पुलावर, कठड्याच्या पलीकडे पाय सोडून बसलेला सापडला. दूधवाल्यांनी धरून आणला. त्याचं त्यालाही सांगता येत नव्हतं. पुढे धुळ्याचे डॉक्टर, गोळ्या, आणि हळूहळू माणूस परत माणसात आला, ऊस लावू लागला, हसू लागला. आणि मग गावातल्या एका लग्नाची पंगत. तो माझ्या शेजारी बसला होता. वाढपी जिलबी घेऊन आला, तेव्हा मी मोठ्यानं म्हणालो, "कुंदनले जिलबी नको वाढू रे, त्यानी गोयी लेवानी शे." सगळी पंगत हसली. कुंदनही हसला, आणि त्यानं पानावर हात आडवा धरला, खरंच नको म्हणून. त्या दिवसापासून गावात तो गोयीवाला, म्हणजे गोळीवाला, कुंदन. हे नाव मी ठेवलं. गंमत म्हणून ठेवलं, आणि माणसाला आयुष्यभर पुरेल असं ठेवलं. आता तीच पट्टी माझ्या खिशात आली होती, आणि गल्लीत गोयीवाला धरमा म्हणून ओळखलं जाण्यापेक्षा मेलेलं बरं असं मला वाटत होतं. मेलेलं बरं हे मी सहज म्हणतो. कुंदननं तसं कधीच म्हटलं नाही, तो नुसता जाऊन बसला होता.

आईला मात्र झोपेचं कळलं होतं, ते दीपमालाच्या तोंडून. गोळीचं मी तिला सांगू दिलं नाही. दुसऱ्याच दिवशी मुक्कामी गाडीतून थर्मास आला. हा उकाळा तिच्या वडिलांचा. सुकलालआजोबा सारंगखेड्याचे, यात्रेत लांबून आलेल्या घोड्यांची देखभाल करायचे. घोडं नव्या जागी बिथरतं, भोंगे-पाळण्यांच्या आवाजानं रात्रभर पाय आपटत उभं राहतं, दाण्याला तोंड लावत नाही. आजोबा आस्कंदाची म्हणजे अश्वगंधेची मुळी, ब्राह्मी, बडीशेप असं काय काय उकळून बादलीभर पाजायचे आणि घोड्याच्या मानेवर हात ठेवून उभे राहायचे. "घोडं निवस," आई फोनवर म्हणाली, "तं मानूस का बरं निवाव नही?" ब्राह्मी ती कालव्याच्या कडेहून स्वतः खुडून आणते, आस्कंदाची मुळी बांधावरून खणते, बाकीचं बाजारातून. सत्तरी उलटली आहे तिची. मला हे सगळं दिसत होतं, तिचं वाकणं, हातातली विळी, तरी पहिल्या दिवशी थर्मासचं झाकण उघडून वाफ तोंडावर आली तेव्हा मी तो बंद केला. लहानपणी वडील नाक दाबून काढा पाजायचे, तेवढंच आठवलं. शिवाय गोळी चालू होती आणि झोप येऊ लागली होती, मग हे कडू कशाला. त्या रात्री आईनं विचारलं, कसा शे? मी म्हणालो, "कडू शे, पन गुन शे." तिनं परत विचारलं, "कडू लागस?" "हां. पन चालस." पुढे हेच रोजचं झालं. रोज ती विचारायची, आज कसा व्हता, आणि मी रोज शहाण्या मुलासारखा सांगायचो, कडूच व्हता, पन पिधा. ती आणखी काही विचारायची नाही. मला वाटायचं, पोरगा कडू पितोय म्हणून तिला बरं वाटत असेल.

मी आळशी नाही, दुष्ट तर नाहीच नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. एका म्हाताऱ्या बाईचं मन राखलं, कोणाचं काय गेलं? दीपमाला दोन-तीनदा म्हणाली होती, "आईले सांगी टाका ना. त्या बिचाऱ्या कालवावर जातीस." मी म्हणालो, सांगू सावकाश. आणि इकडे माझ्या झोपेची गोष्ट कळसाडीत ओट्याओट्यावर फिरत होती. शहाद्याच्या स्टँडवर ज्याचा आवाज घुमतो, तो शिकलेला, नोकरीवाला पोरगा सांगतो म्हटल्यावर कोण शंका घेणार? मी पुकारलेल्या फलाटाकडे माणसं धावतात, इतकी सवय मला आहे. गाडी कुठे लागली हे ती कधी तपासत नाहीत.

त्या दिवशी दुपारपर्यंत मी तीनदा फोन उचलला आणि तीनदा खाली ठेवला. फोनवर सांगितलं असतं तर आईनं ते कुंदनला कसं सांगितलं असतं? की सांगितलंच नसतं? संध्याकाळी रिकामा थर्मास घेऊन मी स्वतःच करमसिंगच्या गाडीत बसलो. अंगावर खाकी तशीच होती. वाटेत दोन्हीकडे उसाचं हिरवं, वेचणीला आलेला कापूस, आणि मी मनात वाक्यं जुळवत होतो. माइकवर जशी आधी वहीत लिहून ठेवतो तशी. माय, एक सांगानं व्हतं. पुढचं वाक्य जुळत नव्हतं. करमसिंग तिकिटं फाडून झाल्यावर शेजारी येऊन बसला. "बरं झालं साहेब, आलात," तो म्हणाला. "कुंदनभाऊ सकाळी गाडीजवळ आले होते. फार बोलत होते. एवढं कधी बोलत नाहीत ते."

ओट्यावर आई बसली होती, शेजारची धनुबाई होती आणि कुंदन. दिवे लागायची वेळ. मध्ये पितळी पातेलं, काचेचे ग्लास. मला बघून आईचा चेहरा फुलला. "उना का? बठ. दख कुंदन, आनी मी सांगी ऱ्हायनू का नही, झोप लागनी तं मानूस कसा दिखस." कुंदन हसला. "ये रे धरमा. तुन्हाच काढा पी ऱ्हायनू." आणि तो हसतच राहिला, हसण्यासारखं संपलं तरी. ग्लास त्यानं दोन्ही हातांनी धरला होता. मी पाय धुवायला मागच्या टाकीवर गेलो, तिथे त्याची बायको मोहिनी उभी होती. ती माझ्यासाठीच थांबली असावी. "भाऊ, एक इचारू का?" ती हळू म्हणाली. "तुम्हले सुरुवातले कितला दिन लागनात?" मला आधी कळेना. "झोप लागाले. ह्या म्हनतस, धरमाले लागनी तं मालेबी लागी, दम धराले जोयजे. पन तीन राती व्हई ग्यात, डोयाले डोया नही. तुम्हनी माय इचारस तं ह्या सांगतस, लागनी. त्यास्नं मन मोडाले नको म्हनीसन. काल पहाटले नदीकडे गयथात. फिराले, म्हनेत." टाकीच्या नळाचं पाणी माझ्या पायांवरून वाहत होतं आणि मी तांब्या भरायचा विसरलो होतो. आईचं मन मोडायला नको म्हणून. माझंच वाक्य, तेच कारण, माझ्याच गल्लीत दुसऱ्या तोंडातून. फरक एवढाच की खोटं बोलून मी झोपत होतो आणि तो जागा होता.

"थांब, मी सांगस," एवढंच मी मोहिनीला म्हणालो आणि ओट्यावर येऊन बसलो. सांगायचं म्हणजे आता लगेच. आईनं माझ्यासाठी ग्लास भरला, पदरानं पुसून पुढे ठेवला. धनुबाई म्हणाली, तुन्हा पोऱ्यानं नाव काढं बरं का. कुंदननं खिशात हात घातला आणि पांढरी पट्टी काढून माझ्या मांडीवर टाकली. निळी रेघ. सात गोळ्या शिल्लक. "हाई ले रे. घरमा टाकी तं पोरे उचलतीस. तुन्हा स्टँडवर पेटी ऱ्हास ना कचरानी, तठे फेकी दे. आते मालेबी काम नही, तुले नही तसं." तो पुन्हा हसला. खरं सांगायचं तर त्या क्षणीही माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की पट्टी उचलावी, खिशात घालावी, उद्या करमसिंगबरोबर मोहिनीला गुपचूप निरोप द्यावा, की परत चालू कर, कोणाला सांगू नको. म्हणजे मीही वाचलो आणि तोही. सगळं जुळत होतं. असं पटकन जुळतं याचीच मला शिसारी आली.

मी खाकी शर्टाच्या खिशातून माझी पट्टी काढली आणि त्याच्या पट्टीशेजारी, मांडीवर ठेवली. सारख्याच. धनुबाई पुढे वाकून बघायला लागली. मी माझ्या पट्टीतली एक गोळी फोडून जिभेवर ठेवली, ग्लास उचलला आणि डोळे मिटून मोठा घोट घेतला, कडवटाची तयारी करून. आणि मध्येच थांबलो. गोड. साधा गोड नाही, रसवंतीवरचा रस आटवावा तसा, दातांना लागेल असा गोड. गोळी कशी खाली गेली मला कळलं नाही. डोळे उघडले तर आई माझ्या तोंडाकडे बघत होती.

"का रे? कडू लागना का?"

"गोड शे," मी म्हणालो.

"गोडच शे," आई म्हणाली. "पहिला दिनपाईन गूय टाकस मी त्यामा. लहानपने तुले कडू चाले नही. तू कडू सांगे, म्हनीसन मी रोज एक खडा वाढाये. जीभ बिघडनी व्हई म्हनू पोऱ्यानी. आते तं निस्ता पाक व्हयना शे." बोलता बोलता तिचा आवाज कमी होत गेला. शेवटच्या शब्दाला ती पोचली तेव्हा तिला कळलेलं होतं. गूळ! मला निंबाच्या बुडाशी मुंग्यांची रांग दिसली. चार महिने त्यांनी मला रोज सांगितलं होतं.

मग मी सांगितलं. वहीत लिहिल्यासारखं नाही, जमेल तसं. "माय, मी गोयी खास. पाच महिना व्हयनात. माले झोप त्या गोयीघाई लागस. तुन्हा काढा मी पिधाच नही." आणि कुंदनकडे वळून, पण त्याच्या डोळ्यांकडे न बघता, "तुन्हीच गोयी शे रे. तीच. मी सांगं नही, लाज वाटे." धनुबाईनं तोंडाला पदर लावला. उद्या सकाळपर्यंत हे गावभर होणार हे मला दिसत होतं, आणि पंगतीतलं ते हसू पुन्हा ऐकू येत होतं. या वेळी ते माझ्यावर होतं. मी म्हणालो, "सकाळे धुळे जाऊ. मी संगे येसू." कुंदनचं हसणं थांबलं होतं. मग त्यानं हात पुढे करून त्याची पट्टी उचलली, उलटी करून पाहिली, खिशात ठेवली. "मंग तुले वाढतस का रे जिलबी, का नही?" तो शांतपणे म्हणाला. मला हसता आलं नाही. त्यानंही हसण्यासाठी म्हटलेलं नव्हतं.

आई ग्लास गोळा करत होती. माझा अर्धा राहिलेला ग्लास तिनं उचलला आणि विचारलं, "मंग इतला दिन कोठे टाके?" "निंबना बुडले," मी सांगितलं. तिनं मान हलवली. तिच्या अंगठ्याच्या पेरात विळीचा जुना भेगाळलेला व्रण होता, त्यात हिरवा डाग बसला होता, न धुण्यासारखा. ती आत गेली. रात्री तिनं माझं अंथरूण घातलं, पांघरूण दिलं, पण झोप लागली का हे सकाळी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं धुळ्याला गेलो. डॉक्टर कुंदनला नाही, मलाच रागावले, आणि ते बरोबरच होतं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, पंधरा दिवसांनी बोलावलं. येताना दोंडाईच्याच्या पुढे कुंदनचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मोहिनीनं पुढच्या सीटवरून वळून पाहिलं आणि पुन्हा सरळ बसली. मी खांदा हलवला नाही. हात मुंग्या येऊन बधिर झाला तरी शहाद्यापर्यंत तसाच बसलो, जणू एवढ्यानं काही फिटणार होतं.

त्यानंतर दोन दिवस करमसिंगचे हात रिकामे होते. संध्याकाळी आठला फोन वाजला नाही. मीही केला नाही, केला तर काय म्हणायचं ते ठाऊक नव्हतं. मोहिनीचा तेवढा निरोप आला, चार तास झोपले. सकाळी साडेसातला पाय आपोआप खोलीमागे वळले. मुंग्या आल्या होत्या. ओल वाळत चालली होती तरी त्या तिथेच फिरत होत्या.

तिसऱ्या दिवशी मुक्कामी गाडी सव्वासातला लागली आणि करमसिंगनं खिडकीतून थर्मास पुढे केला. "आज भरलेला आहे साहेब," तो म्हणाला. आणखी काही निरोप नव्हता. मी माइक बंद आहे ना ते पाहिलं, दार लोटलं आणि झाकणात ओतून उभ्यानंच प्यायलो, पहिलं झाकण, दुसरं, तळ दिसेपर्यंत. त्यात गुळाचा खडा नव्हता. उकाळा कडू होता. चार महिने मी तिला सांगत होतो, अगदी तसाच.